लोरेनच्या भोंग्यावर

सदऱ्यावर आणखी एक सदरा चढवा. असेल तर तिसराही. सान हुआनला विमानात बसलात तेव्हा अंगाला घाम होता. इथे एरी सरोवरावरून येणारं वारं थेट हाडांत शिरतंय. हे ओहायोतलं लोरेन, १९४८ चा हिवाळा. नॅशनल ट्यूब या पोलाद कंपनीने प्वेर्तो रिकोहून सुमारे ५०० गडी आणलेत, त्यांतलेच तुम्ही एक. परवापर्यंत हातात उसाचा कोयता होता. आता फावडं आहे.

भोंगा झाला, चला. भट्टीसमोर उभं राहिलात की छाती भाजते आणि पाठ गारठलेलीच राहते. खनिजाची लाल धूळ दातांत करकरते. मुकादम इंग्रजीत काहीतरी ओरडतोय. त्याच्या तोंडाकडे पाहू नका, हाताकडे पाहा. धडधडाटात सगळेच हातांनी बोलतात. शेजारचा, पंचवीसेक वर्षांपूर्वीच इथे आलेला मेक्सिकन मात्र कानाशी वाकून स्पॅनिशमध्ये सांगतो, "मागे सर!" तेवढ्या दोन शब्दांनीही जीव थाऱ्यावर येतो.

पाळी संपवून बराकीत या. ओळीने खाटा, ओले मोजे, तंबाखू, खोकला. कुणीतरी दिव्याखाली आईला पत्र लिहितोय, पैसेही पाठवायचेत. मध्यरात्री बेसेमर भट्टी फुंकली की आभाळ नारिंगी होतं आणि खिडकीतून आलेल्या उजेडात झोपलेले चेहरे ओळखू येतात. बहुतेक विशीतले. त्यांच्याकडे पाहताना पोटात कालवतं.

आता तीन-चार हिवाळे ओलांडा आणि दक्षिण लोरेनमधल्या एका भाड्याच्या घराचा जिना चढा. दाराआधी वासच समोर येतो. पिलोन नावाच्या लाकडी खलात लसूण, मिरी, ओरेगानो कुटलं जातंय; कढईत मिरची, कांदा, कोथिंबीर परतली जातेय. बाई झाकण उघडते, भाताची वाफ चष्म्यावर बसते, आणि भातातले ते दाणे तुम्ही लगेच ओळखता. तूर! इथे त्यांना गांदुलेस म्हणतात. आपलीच तूर; आफ्रिकेत गेली, तिथून गुलामांच्या जहाजांच्या काळात कॅरिबियन बेटांवर रुजली, आणि आता या बर्फात डब्यातून निघून भातात शिजतेय. पुढच्या खोलीत डॉमिनोच्या सोंगट्या आपटतायत. कुणीतरी खाचा पाडलेल्या वाळक्या भोपळ्यावर काडी घासतोय, खर्र-खर्र. ते वाद्य आहे, ग्विरो. पाय आपोआप हलतील, हलू द्या.

कंपनीने सोय केली होती ती एकट्या पुरुषांची, खाटेपुरती. बायका आणल्या, पोरं आणली, घरं शोधली ती या माणसांनी स्वतः. माझ्या लेखी लोरेनची खरी मर्दुमकी भट्टीपेक्षा या जिन्यावर आहे. १९५२ मध्ये तर त्यांचं स्वतःचं चॅपल सुरू झालं, सेक्रेड हार्टचं, स्पॅनिशमधून प्रार्थना करायला.

निघताना थोडं थांबा. दारातलं लहान पोर तुमच्याकडे बघून म्हणेल, "बेंदिसिओन." म्हणजे आशीर्वाद द्या. आपल्याकडे पोर पाया पडतं ना, तसंच. त्याला ताटकळत ठेवू नका. डोक्यावर हात ठेवा आणि म्हणा, "दिओस ते बेंदिगा."