पुसट तसबिरी

बदलीच्या नोकरीत संसाराचे ओझे जितके कमी तितके बरे, हे आपणां सर्वांस अनुभवाने ठाऊक आहे. तरीही तांब्याचे घंगाळ, पाटा-वरवंटा, देवघरातली समई असे सारे गावी ठेवून निघालेल्या माणसाच्या ट्रंकेच्या तळाशी घरच्या जुन्या फोटोंचा एक लिफाफा हमखास सापडतो. दिल्लीची धूळ आणि कलकत्त्याची दमट हवा खात खात ही लिफाफ्यातली माणसे प्रत्येक बदलीगणिक थोडी थोडी पुसट होत जातात. त्यांना परत आणण्याची खटपट माणसाने कशी केली, हा इतिहास आम्हांस मनोरंजक वाटला, आणि पुढे घरच्याच एका प्रसंगाने तो थोडा अस्वस्थ करणाराही ठरला.

फोटो फिका पडतो ही तक्रार जवळजवळ फोटोइतकीच जुनी आहे. दागेर यांची कृती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. आणि अवघ्या सोळा वर्षांनी, १८५५ साली, लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीस या तक्रारीची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. समित्या हा आमच्या रोजच्या परिचयाचा विषय. या समितीने मात्र खरोखरच कारण शोधून काढले. चित्र पक्के करण्यासाठी वापरलेला हायपो कागदातून पुरता धुऊन निघाला नाही, तर त्यातले गंधक चांदीस धरते, आणि काळ्या चांदीचे पिवळट संयुग होऊन बसते. दमट हवेत हे काम भराभर होते. आपल्याकडे मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी व डॉ. नारायण दाजी हे बंधू तिच्यात होते. मुंबईच्या पावसाळ्यात हायपोने त्या मंडळींस काय काय दाखविले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

काचेच्या निगेटिव्हांचे नशीब त्या मानाने चांगले. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता कॅमेऱ्याच्या नादी लागलेले आणि पुढे निजामाचे फोटोग्राफर झालेले लाला दीनदयाळ १९०५ साली वारले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. सरकारी नोकरीतून असेही काही निष्पन्न होते, हे जाता जाता नोंदवितो.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. फिका पडलेला फोटो आणि धूसर आलेला फोटो हे दोन निराळे रोगी आहेत. पहिल्यात चित्र कागदावर उमटलेले असते आणि काळाने ते झाकलेले असते. दुसऱ्यात ते नीट उमटलेलेच नसते. गेल्या शतकापूर्वीच्या काचा इतक्या मंद होत्या, की गिऱ्हाइकाचे डोके मागून लोखंडी चिमट्यात धरून त्यास कित्येक सेकंद स्तब्ध बसवीत. मोठी माणसे बसत. मुलाने मान हलविली की त्याच्या जागी धुके येई. जुन्या कुटुंबचित्रांत आजोबांची मिशी केसागणिक स्पष्ट आणि मांडीवरचे मूल मात्र बिनचेहऱ्याचे, असे दिसते ते यामुळे.

फिक्या फोटोवर पुष्कळ उपाय निघाले. पिवळट डाग निळा प्रकाश शोषून घेतो, तेव्हा निळी काच लावून फोटोचा पुन्हा फोटो घेतला की उडालेले चित्र बरेचसे गडद होऊन येते. हा साधा उपाय. सर्वांत विलक्षण उपाय बार्बरा आस्किन्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंचा. अवकाशसंस्थेत काम करताना त्यांनी फिक्या निगेटिव्हातल्या चांदीस किरणोत्सर्गी गंधक चिकटविले आणि त्या किरणांनीच दुसऱ्या फिल्मवर चित्र उमटविले. १९७८ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. ज्या गंधकाने तसबिरी बुडविल्या, त्यासच असे कामास लावले.

धूसर चित्राचा प्रश्न गणिताकडे गेला. गणित करावयाचे तर चित्राचे आकडे हवेत. १९५७ साली अमेरिकेच्या मानक संस्थेतील रसेल किर्श यांनी पहिल्यांदा एक फोटो संगणकात घातला. १७६ ओळी, प्रत्येकीत १७६ ठिपके, प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. या ऐतिहासिक प्रयोगासाठी त्या सरकारी नोकराने निवडलेला फोटो होता आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा! पुढे १९७२ साली रिचर्डसन आणि १९७४ साली ल्युसी यांनी स्वतंत्रपणे एक रीत बसविली : प्रकाशाचा एक बिंदू चित्रात किती आणि कसा पसरला हे ठाऊक असेल, तर पसरलेला प्रकाश पायरीपायरीने माघारी गोळा करावयाचा. १९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा सदोष निघाला. १९९३च्या डिसेंबरात तिची दुरुस्ती होईपर्यंत खगोलशास्त्रज्ञांनी याच जातीच्या गणिताने आपली चित्रे सावरून घेतली. परंतु ही रीत प्रामाणिक असल्यामुळे कंजूषही आहे. फोटोत जे नाही ते ती देत नाही, आणि फार ताणली तर चेहऱ्याऐवजी कागदाचा रवाच वर येतो.

आजची कृत्रिम बुद्धी इतकी भिडस्त नाही. लक्षावधी चेहरे पाहून ती तयार झालेली असते. धूसर चेहरा दिसला की त्याजागी शोभेल असा चेहरा ती रचून देते. २०२० साली ड्यूक विद्यापीठातील संशोधकांच्या अशा एका साधनास बराक ओबामांचे पुसट चित्र दिले गेले, तेव्हा त्यातून एक गोरा गृहस्थ बाहेर पडला. त्यावर जगभर हसे व वाद दोन्ही झाले. जुन्या काळचे कारागीरही काचेवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवीत. म्युनिकच्या हान्फस्टेंगल यांनी १८५५ सालच्या पॅरिस प्रदर्शनात तसे काम मांडले होते. पण पेन्सिल कोठे चालली आहे, हे गिऱ्हाइकास सांगता येई.

आता घरची गोष्ट. आमच्या आजीचा एकच फोटो आहे. १९५५ सालचा, साताऱ्याच्या घरच्या ओट्यावर पेटी-कॅमेऱ्याने काढलेला. मांडीवर तान्ही आत्या आहे. आजीने ऐन वेळी मान वळविली असावी. चेहरा धूसर आहे आणि वर कागदही पिवळा पडलेला. गेल्या वर्षी भाच्याने तो मोबाईलवर घालून क्षणार्धात लख्ख करून दिला. पापण्या मोजून घ्याव्यात! आम्ही सर्वांनी वाहवा केली, तो मोठा करवून घेतला, चौकटीत बसविला आणि सुट्टीत आत्यासमोर नेऊन ठेवला.

आत्याने चष्मा पुसून तो पुष्कळ वेळ पाहिला.

"छान आहे रे," ती म्हणाली. "कोण ही?"

आम्ही सांगितले.

"हिच्या कानांत कुड्या आहेत. त्या वर्षी आईच्या कुड्या सावकाराकडे होत्या. दादाला टायफॉइड झाला होता ना. मी चालू लागले तेव्हा सुटल्या, असे ती सांगायची."

आम्ही मूळ फोटो काढून भिंग लावले. कानाच्या जागी एक करडा डाग होता. त्यात कुडी आहे असेही म्हणवत नव्हते, नाही असेही म्हणवत नव्हते. यंत्राने तेथे कुड्या घातल्या होत्या, कारण त्याने पाहिलेल्या बायकांच्या कानांत बहुधा काही ना काही असते. आत्या वारल्यावर त्या कुड्यांना हरकत घेणारे कोणी उरले नसते, आणि त्या गहाण पडल्याची गोष्टही चौकटीतल्या बाईने खोटी पाडली असती.

दिल्लीस परतल्यावर आम्ही मूळ फोटो निळ्या प्रकाशात पुन्हा टिपून घेतला. ओटा, खांब, लुगड्याचा काठ आणि आत्याची वळलेली मूठ वर आली. आजीचा चेहरा होता तसाच राहिला. त्या प्रतीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने साल, गाव आणि कुड्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. लख्ख फोटो भाच्यास आवडला होता, म्हणून तो त्यास देऊन टाकला. मागे 'हा चेहरा यंत्राचा' असे लिहून.