जांबचा समास, मेहुण्याचा ऊस

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. १६०८ साली तिथे नारायण सूर्याजी ठोसर जन्मले, तेच पुढचे समर्थ रामदास. जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलढाण्याचा देऊळगाव राजा तालुका लागतो. त्यातले मेहुणा राजा हे परंपरेने चोखामेळ्याचे जन्मगाव. दोघांमध्ये सुमारे तीनशे वर्षांचे अंतर, आणि जातीचे तर त्याहून मोठे. तरीही माणसाच्या दिसण्यावरून त्याला जवळ करायचे की दूर लोटायचे, या प्रश्नाची मराठीतली दोन ठळक उत्तरे या एवढ्याशा टापूत जन्मलेल्यांनी दिली. त्यांतले रामदासांचे उत्तर आपण व्यवहारात उचलले आणि चोखोबांचे भजनापुरते ठेवले, असे माझे म्हणणे आहे.

रामदासांचे उत्तर दासबोधाच्या चौदाव्या दशकातल्या सहाव्या समासात, ‘चातुर्यलक्षणा’त आहे. रूप अभ्यासाने येत नाही, काळा माणूस गोरा होत नाही, आंधळ्याला दृष्टी आणि पांगळ्याला पाय येत नाहीत. मग जे प्रयत्नाने येते ते गुण मिळवावेत, असा त्याचा आशय. मान हवा असेल तर चातुर्य हवे, आणि वस्त्रांनी सजवलेल्या देहापेक्षा आतून सजलेले मन थोर, हेही त्यात येते. आंधळा, बहिरा, कुरूप अशी यादी आजच्या कानांना टोचते. पण या समासात रामदास त्या अवस्थांना ‘सहजगुण’ म्हणतात. व्यंग दिसले की मागच्या जन्मीचे पाप शोधायचे, ही आपल्याकडची जुनी खोड. इथे तो शोध नाही आणि कुरूपाला दोषही नाही. सतराव्या शतकासाठी ही लहान गोष्ट नव्हे. लग्नाच्या बोहल्यावरून ‘सावधान’ ऐकताच पळालेल्या माणसाने हे लिहावे, याचीही गंमत वाटते, कारण ज्या बाजारात रूपाचा भाव सर्वांत चढा, तो बाजार त्यांनी बाराव्या वर्षीच सोडला असे परंपरा सांगते.

पण हे सगळे उत्तर पाहिल्या जाणाऱ्याला उद्देशून आहे. तू गुण मिळव, मग लोक मानतील. लोकांनी मानले नाही तर काय, हा प्रश्न तिथे उरतो, आणि चोखोबांचे आयुष्य म्हणजे नेमका तोच प्रश्न. गुणांत ते कुठे कमी पडले? नामदेवांनी त्यांना संतमेळ्यात मानाने घेतले, तरी ते विठ्ठलाच्या देवळाबाहेरच राहिले. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधीही पंढरपूरच्या त्या देवळाच्या महाद्वारासमोर, बाहेरच आहे. ते दार त्यांच्या लोकांना उघडले १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर. म्हणजे सहाशे नऊ वर्षांनी. कुणी म्हणेल, हा जातीचा मामला, दिसण्याचा नव्हे. पण ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, हा दृष्टान्त चोखोबांनी उगाच घेतलेला नाही. त्यांचा अभंग पाहणाऱ्याला विचारतो की वरच्या रंगाला का भुललास. आणि वरचे पाहून निवाडा करणारी नजर अंगाचा रंग आणि जात यांत फारसा फरक करत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला (२०१३) जब्या त्यामुळेच एकाच वेळी काळाही आहे आणि कैकाडीही. काळ्या चिमणीच्या राखेने शालू वश होईल, या आशेवर तो रानोमाळ हिंडतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ज्या समाजाचा विठोबा सावळा आणि राजूरचा गणपती गजमुख, त्याला रूपवेडा कसे म्हणावे? पण देवाला स्थळ बघायला कुणी जात नाही. त्याच घरांत मुलगी ‘सावळी पण नाकीडोळी नीटस’ असते. सगळे दुखणे त्या ‘पण’मध्ये आहे. वधू-वर जाहिरातींतला ‘गव्हाळ’ हाही ‘काळा’ टाळण्यासाठीच कामाला आलेला शब्द. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने रामदासांचा पहिलाच सिद्धान्त खोडून, काळे गोरे होते असे विकले. २०२० साली नाव ‘ग्लो’ झाले, मलम राहिले. चेन्नईतल्या ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने २००९ मध्ये ‘डार्क इज ब्युटिफुल’ ही मोहीम काढली, तिचा रोख मात्र पाहणाऱ्यावर होता, चोखोबांसारखा.

नजर कायद्याने बदलत नाही, हे खरे. पण नजरेचे अधिकार कायद्याने कमी करता येतात, आणि ते काम उशिरा का होईना सुरू झाले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ॲसिड हल्ल्यातून वाचलेले आणि ठेंगणेपण असलेले यांना संरक्षणाच्या यादीत घेतले. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्यावर काडीमोड मागण्याची हिंदू विवाह कायद्यातली मुभा २०१९ साली संसदेने काढून टाकली.