नगरचे खापरी नळ

नगर शहर पाहावयास येणारा प्रवासी बहुधा तीन स्थळें पाहून परत जातो: भुईकोट किल्ला, फराहबाग आणि शहापूरच्या डोंगरावरील ती तीन मजली अष्टकोनी वास्तु, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात व जी वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे. किल्ल्याभोंवतालचा खंदक आणि फराहबागेभोंवतालचें तळें ज्या पाण्यानें भरलें जाई तें कोठून येत होतें, असें विचारणारा प्रवासी आम्हांस क्वचितच भेटला. खुद्द नगरकरांसहि या प्रश्नाचें कुतूहल उरलेलें नाहीं. रस्ता खणतांना एखादे वेळीं खापराच्या नळाचा तुकडा वर आला, तर तो मातीबरोबर बाजूस टाकला जातो.

वास्तविक या तुकड्यांत शहराचा अर्धा इतिहास आहे. मलिक अहमद निजामशहानें १४९० सालीं भिंगारजवळ बहामनी सैन्याचा पराभव केला, त्या रणभूमीवर बाग निजाम ही बाग केली, आणि पुढें तिच्याच परिसरांत सीनेच्या डाव्या तीरावर आपली राजधानी वसविली. जागा लष्करी दृष्टीनें सोयीची होती. पाण्याच्या दृष्टीनें मात्र ती कोणी निवडली नसती. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील मुलूख. सीना ही येथें आपल्या उगमाजवळची लहान नदी, पावसाळ्यांत वाहणारी व उन्हाळ्यांत रोडावणारी. अशा नदीवर राजवाडे, बागा, हमामखाने व हजारों माणसें यांचा भार टाकणें शक्य नव्हतें. तेव्हां निजामशाहीच्या कारागिरांनीं नदीकडे पाठ फिरवून डोंगरांकडे तोंड केलें.

कापूरवाडी, वडगांव, शेंडी, भिंगार या बाजूंनीं शहराकडे जमिनीखालून पाणी आणणारे नहर खोदण्यांत आले. यांची रचना समजण्यास कठीण नाहीं. करण्यास मात्र फार कठीण. पावसाचें पाणी डोंगरउतारावर मुरतें आणि खडकाच्या फटींतून हळूहळू खालीं सरकतें. पायथ्याशीं खोल विहिरी घेऊन तें अडवावयाचें, आणि तेथून शहरापर्यंत भूमिगत मार्गानें उताराच्या बळावर वाहवून न्यावयाचें. मोट नको, बैल नको. सर्व कौशल्य उतारांत असे. उतार अधिक झाला कीं वेगानें सांधे उखडतात. कमी झाला कीं गाळ बसून मार्ग बुजतो. खडकांत खोदलेला किंवा दगडचुन्यांत बांधलेला मार्ग संपला कीं पुढें एकांत एक अडकविलेले भाजलेल्या मातीचे नळ चुन्यांत बसवीत. वाटेंत ठराविक अंतरावर उच्छ्वास ठेवलेले असत. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि साफसफाईसाठीं माणूस आंत उतरे. शेवटीं पाणी हौदांत येई. खापरी नळ फुटला तर तेवढाच काढून दुसरा बसवावा; तो घडविणारा कुंभार गांवांतच असे. पाणी जमिनीखालून येत असल्यामुळें उन्हानें आटत नसे, आणि वाटेंतील गुराढोरांपासूनहि सुरक्षित राही.

या पाण्याचा सर्वांत मोठा विलास फराहबागेंत दिसतो. अनेक हातांतून गेलेलें हें काम मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत, १५८३ च्या सुमारास, सलाबतखानानें पुरें केलें. भर पाण्याच्या मध्यभागीं महाल उभा करण्याची ही कल्पना अवर्षणाच्या प्रदेशांत आश्चर्यकारक तर आहेच, पण आमच्या मतें तींत थोडा उद्दामपणाहि आहे. सलाबतखानाच्या नांवावर नहरांचीं व बागांचीं इतर कामेंहि सांगितलीं जातात, आणि निजामशाहीच्या कर्त्या वजीरांत त्याची गणना योग्यच होय. तथापि जुन्या काळाचें गुणगान करतांना हें विसरूं नये, कीं नहराचें पाणी आधीं किल्ल्यास, वाड्यांस व बागांस मिळे, आणि रयतेच्या हौदांत मागाहून. ज्या बेलदार-पाथरवटांनीं अंधारांत वांकून हे मार्ग कोरले त्यांपैकीं एकाचेंहि नांव इतिहासानें राखलें नाहीं. तारुण्य याच शहरांत घालविलेल्या फेरिस्त्यानें दरबारच्या कारस्थानांवर पानेंच्या पानें भरलीं. नळाच्या उतारावर तो कशास लिहील?

ही विद्या नगरापुरती नव्हती. निजामशाहीचाच वजीर मलिकंबर यानें १६१० सालीं खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद, हें शहर वसविलें व तेथें भूमिगत नहर नेला. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्याच दशकांतला. इराणांत अशा मार्गांस कनात म्हणतात. पुण्यास पेशव्यांनीं कात्रजचें पाणी आणलें तेंहि याच परंपरेंतून.

१६३६ सालीं निजामशाही संपली. पुढें मोगल आले, १७५९ सालीं किल्ला पेशव्यांकडे गेला, १८०३ सालीं वेल्सलीनें तो शिंद्यांच्या सैन्यापासून जिंकला. मालक बदलत गेले आणि नळ वाहत राहिले. १८५४ सालीं नगरपालिका स्थापन झाली, तेव्हां तिच्या पदरीं हा जुना वारसा आलाच होता. पुढें लोखंडी नळ व पंप आले, आणि जुने उच्छ्वास साफ करण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली. जी वस्तु दरसाल साफ करावी लागते ती एका पिढीच्या दुर्लक्षानेंहि मरते. तिचा वध कोणी केला नाहीं.

आतां नगर शहर पाणी पितें तें मुळा धरणाचें. राहुरी तालुक्यांतील बारागांव नांदूर येथील हें धरण सुमारें २६ अब्ज घनफूट साठवणीचें आहे. त्याचा उपयोग निर्विवाद मोठा आहे. लाखोंच्या शहरास खापरी नळ पुरले असते असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु शहर धरणाहून उंचावर असल्यानें थेंबन् थेंब विजेनें चढवावा लागतो, आणि वीज गेली कीं नळ कोरडे. शिवाय हें पाणी एकट्या शहराचें नव्हे. मुळेच्या लाभक्षेत्रांतील शेतकरी त्यावर हक्क सांगतो, आणि २००५ च्या जलसंपत्ति नियमन कायद्यान्वयें समन्यायी वाटपाचा प्रश्न निघाला कीं खालच्या जायकवाडीसाठींहि पाणी सोडावें लागतें. आम्ही शहरवासी मात्र नळाची तोटी फिरवितों आणि वापरलेलें पाणी सीनेच्या हवालीं करतों. ज्या नदीकडे पूर्वजांनीं ती अपुरी म्हणून पाठ फिरविली, तिला आम्हीं सांडपाण्याचा नाला केलें. तिच्या पूररेषेंतहि आम्ही घरें बांधीत चाललों आहों.

आश्चर्य असें, कीं याच शहरापासून जवळच असलेल्या हिवरे बाजारनें उलट वाट धरली. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखालीं त्या गांवानें डोंगरावर समतल चर खणले, शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी घातली, आणि पडलेल्या पावसाचा जमाखर्च मांडून त्यावरून पिकें ठरविण्याची शिस्त लावून घेतली. डोंगरांत मुरेल तेवढेंच आपलें, हा नहर खोदणारांचा हिशेब गांवास कळला; शहरास, जेथें महाविद्यालयें आहेत व आमच्यासारखे अध्यापक आहेत, तो कळला नाहीं.

२०२४ सालीं शहराचें नांव अहिल्यानगर झालें. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यांतील चौंडीचा, आणि विहिरी, कुंडें व घाट यांसाठीं त्यांची आठवण देशभर निघते. या नांवास साजेल असें एक लहानसें काम तूर्त सुचवावेंसें वाटतें. कापूरवाडी व शेंडीच्या बाजूचे जे नहर, हौद व उच्छ्वास अद्याप ओळखतां येतात, त्यांचा कोणीतरी नीट नकाशा करावा, आणि त्यांच्या माथ्यावरील डोंगरउतार इमारतींसाठीं सपाट करण्यापूर्वीं तो नकाशा एकवार पाहावा. शेतांतील एखाद्या जुन्या उच्छ्वासाची जागा बोट दाखवून सांगणारीं माणसें त्या गांवांतून अजून भेटतात; तीं आतां बहुतेक म्हातारीं आहेत.