ऑडिट लॉग : ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमधील

३८९ डिरेक्टरी सर्व्हर या मुक्त-स्रोत एलडॅप (डिरेक्टरी वाचण्या-लिहिण्याचा प्रोटोकॉल) सर्व्हरमध्ये डिरेक्टरीच्या मजकुरात झालेले बदल ज्या फाइलीत उतरतात ती ऑडिट लॉग. मिशिगन विद्यापीठातल्या स्लॅपडी या एलडॅप सर्व्हरच्या वंशातला हा सर्व्हर २००४ मध्ये नेटस्केपच्या मालमत्तेबरोबर रेड हॅटकडे आला, २००५ मध्ये फेडोरा डिरेक्टरी सर्व्हर म्हणून खुला झाला आणि २००९ पासून एलडॅपच्या पोर्ट क्रमांकाने ओळखला जातो. त्याचे मुख्य लॉग तीन : ॲक्सेस, एरर आणि ऑडिट. पहिले दोन स्थापनेपासून चालू असतात, तिसरा बंद. ही मांडणी बिघाड शोधणाऱ्याच्या सोयीची आहे. ‘हे कोणी केले?’ असे विचारणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही, आणि डिरेक्टरीवर अख्ख्या संस्थेची लॉगिन व अधिकार टेकलेले असताना हा प्रश्न आज ना उद्या येतोच. म्हणून ऑडिट लॉग पहिल्याच दिवशी चालू करणे योग्य.

ॲक्सेस लॉगमध्ये माहिती तशी भरपूर असते. कोणत्या आयपी पत्त्यावरून जोडणी झाली, कोणत्या नावाने बाइंड (ओळख पटवून प्रवेश) झाले, शोधाचा फिल्टर काय होता, किती वेळ लागला, हे सारे त्यात सापडते. चुकीच्या पासवर्डचा त्रुटी क्रमांक ४९ आणि इंडेक्सशिवाय झालेल्या शोधावरची खूणही तिथेच. बदलाच्या बाबतीत मात्र तो फक्त नोंदीचे नाव लिहितो. प्रशासक गटाची नोंद अमुक वाजता बदलली एवढे कळते. गटात कोणाला घातले ते कळत नाही. ते ऑडिट लॉग सांगतो : वेळ, नोंदीचे नाव, बदलाचा प्रकार, नवे मूल्य आणि बदलणाऱ्याची ओळख, सगळे वाचता येईल अशा एलडीआयएफ स्वरूपात. उलट त्याच्या पारंपरिक स्वरूपात आयपी पत्ता नसतो. त्यामुळे दोन्ही लॉग वेळेनुसार जुळवावे लागतात आणि अनेक सर्व्हर असतील तर सर्वांची घड्याळे एनटीपीने एकसारखी ठेवणे भाग पडते. ॲक्सेस लॉग मुळात बफरमधून लिहिला जातो. सर्व्हर अचानक कोसळला तर शेवटच्या काही ओळी हरवू शकतात. फसलेल्या बदलांसाठी ऑडिट-फेल लॉग आहे. तो चालू करून वेगळी फाइल दिली नाही, तर त्या नोंदी ऑडिट लॉगमध्येच जातात.

ऑडिट लॉग चालू ठेवण्यावर पहिला आक्षेप वेगाचा आणि जागेचा. पण डिरेक्टरीचे बहुतेक काम वाचण्याचे असते आणि ऑडिट लॉग फक्त लिखाणाची दखल घेतो; जो ॲक्सेस लॉग आपण निमूट चालू ठेवतो, त्याचा भार याहून जास्त. जागेची चिंता मात्र खरी आहे. ऑडिट फाइलींची मूळ संख्या १ आहे आणि ती तशीच राहिली तर फाइल फिरवली जात नाही, फुगत जाते. दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. साधा पासवर्ड लपवण्याची सोय मुळातच चालू असते, ती बंद करू नये. तरी पासवर्डचे हॅश फाइलीत येऊ शकतात आणि व्यक्तिगत माहिती येतेच, म्हणून तिचे वाचनाधिकार सर्व्हरच्या खात्यापुरते ठेवावेत. तिसरा आक्षेप असा की, रेप्लिकेशनचा चेंजलॉग असताना आणखी एक वही कशाला? चेंजलॉग दुसऱ्या सर्व्हरपर्यंत बदल पोचवण्यासाठी असतो आणि मुदतीनंतर छाटला जातो. तपासणाऱ्याने उघडून वाचावा अशी त्याची घडणच नाही.

किती दिवस जपायचे, हा भारतात कायदेशीर प्रश्नही आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. ॲक्सेस लॉगची मूळ मांडणी रोज एक फाइल, कमाल १०० एमबी, अशा दहा फाइलींची. म्हणजे शांत सर्व्हरवरही दहा-एक दिवसांचाच इतिहास उरतो. फाइलींची संख्या, आकार आणि एकूण जागेची मर्यादा या तिन्हींचा हिशेब एकत्र करावा लागतो, कारण जी मर्यादा आधी गाठली जाईल तिच्यामुळे जुनी फाइल पुसली जाते.

ऑडिट लॉगच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. मूल्य बदलले तर नवे नोंदले जाते, जुने नाही. ओपनएलडॅप या दुसऱ्या एलडॅप सर्व्हरच्या ॲक्सेसलॉग ओव्हरलेत जुनी मूल्ये राखण्याची सोय आहे, इथे ती उणीव बॅकअपवरून भरावी लागते. सगळे प्रशासक ‘डिरेक्टरी मॅनेजर’ या एकाच खात्याने काम करत असतील, तर लॉग प्रत्येक बदलापुढे तेच नाव लिहील. वेगवेगळी खाती दिल्याशिवाय लॉग चालू करणे म्हणजे अर्धेच काम. आणि रूट अधिकार असलेल्याला ही फाइल पुसता येते, म्हणून नोंदी उमटताच आरसिसलॉगसारख्या साधनाने वेगळ्या यंत्रावर पाठवाव्यात आणि त्या यंत्राचे अधिकार डिरेक्टरीच्या प्रशासकांकडे नसावेत.