न पेटलेली पणती

गेल्या दिवाळीत आजीची जन्मशताब्दी होती. सगळ्यांनी आपापल्या आठवणी एका सामायिक फाइलीत लिहायच्या आणि मी त्या पानांवर लावून छोटी पुस्तिका छापून घ्यायची, असं ठरलं. न्यू जर्सीच्या आत्याने आजीच्या फोटोखाली एक हलती पणती टाकली. फाइल उघडली की वात पेटायची, ज्योत डुलायची, पुन्हा पेटायची. बाबा बराच वेळ बघत बसले होते, काही बोलले मात्र नाहीत.

पन्नास प्रती छापून आल्या. पणती होती, ज्योत नव्हती.

चूक माझीच. हलतं चित्र, म्हणजे जिफ, ही एकामागून एक दाखवायच्या चित्रांची चळत असते. पानं लावायचं सॉफ्टवेअर त्यातलं फक्त पहिलं चित्र उचलतं. आत्याच्या पणतीच्या पहिल्या चित्रात वात अजून पेटलेलीच नव्हती! मग मी या प्रकरणाच्या मुळाशी जायचं ठरवलं, आणि कळलं की हे भांडण बरंच जुनं आहे.

पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीचं पेजमेकर 1985 साली मॅकिंटॉशवर आलं. कंपनीला नाव दिलं होतं व्हेनिसच्या आल्डस मनुशियस या जुन्या मुद्रकाचं. म्हणजे बघा, जन्मापासूनच नाळ छापखान्याशी जोडलेली. पेजमेकर, अ‍ॅपलचा लेझर प्रिंटर आणि अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा या त्रिकुटातून डेस्कटॉप पब्लिशिंग उभं राहिलं. आपल्याकडे त्याचं 'डीटीपी' झालं. पेजमेकर आणि श्रीलिपी यांच्या जोरावर किती दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि स्मरणिका निघाल्या असतील! पण या सगळ्यात एक गोष्ट गृहीत होती. पडद्यावरचं पान म्हणजे उद्याच्या कागदाचा नमुना. कागदावर जे येणार नाही त्याला पानात जागा नाही.

जिफचा जन्म दोनच वर्षांनी, 1987 चा. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने तो घडवला. उद्देश अगदी व्यवहारी होता: त्या काळच्या संथ मोडेमवरून रंगीत चित्रं पाठवता यावीत. एका चित्रात जास्तीत जास्त 256 रंग. 1989 च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्र किती वेळ दाखवायचं, हे सेकंदाच्या शंभराव्या भागात सांगायची सोय आली. गंमत म्हणजे त्याच तपशिलात स्पष्ट म्हटलं होतं की हा प्रकार अ‍ॅनिमेशनसाठी नाही, जमलं तर थोडंफार जमेल. पुढे 1995-96 च्या सुमारास नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीने चित्रमालिका पुन्हा पुन्हा फिरवायची सोय केली आणि मग काय, धरबंदच राहिला नाही. जिओसिटीजवरची फावडं मारणारी 'काम चालू आहे'वाली माणसं आठवतात का कोणाला? :)

मधल्या काळात एक पेटंटचं लफडंही झालं. जिफमधलं चित्र आक्रसण्याचं तंत्र युनिसिस कंपनीच्या पेटंटखाली होतं आणि 1994 च्या शेवटी परवान्याच्या पैशांची घोषणा झाली. त्या रागातून पीएनजी जन्माला आलं. पण पीएनजी मुळात हलत नव्हतं, म्हणून जिफ टिकला. अमेरिकेतलं ते पेटंट 2003 साली संपलं.

कागदाच्या बाजूलाही हलण्याचा मोह होताच. वर्ड 97 मध्ये अक्षरांभोवती लाल मुंग्यांची रांग फिरवता यायची. प्रिंट काढली की मुंग्या गायब! वर्ड 2007 च्या मेनूंतून त्या कायमच्याच गेल्या. 2010 साली इनडिझाइनच्या सीएस5 आवृत्तीत पानावरच्या गोष्टी हलवता येऊ लागल्या, पण ती हालचाल फ्लॅशच्या फाइलीत बाहेर पडायची. 2020 च्या अखेरीस फ्लॅशच बंद पडलं. 'अ‍ॅनिमेशनसाठी नाही' म्हणून जन्मलेला जिफ मात्र आजही फिरतोच आहे.

माझ्या मते खरा बदल सामायिक फाइलींनी झाला. गूगल डॉक्स 2006 साली आलं आणि हळूहळू कागदपत्र छापायची सवयच सुटली. न छापायच्या पानावर चित्र हललं तर बिघडलं कुठे? फक्त वाचणाऱ्याचा विचार हवा. 2008 सालची वेबसाठीची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की मजकुराच्या शेजारी आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त हलणारी गोष्ट थांबवायची सोय वाचकाला मिळाली पाहिजे. सतत नाचणाऱ्या चित्राशेजारी दोन ओळी धड वाचता न येणारी माणसं आपल्या घरातही असतात.

आत्याची चूक नव्हतीच. ती पडद्यासाठी पान सजवत होती, मी कागदासाठी लावत होतो. एकच फाइल, पण दोघांच्या डोक्यात पानं दोन वेगळी. आता मी हलतं चित्र लावताना आधी पहिलं चित्र बघतो. हालचाल थांबल्यावर जे उरणार आहे ते आपल्याला चालेल का, एवढाच प्रश्न.

पुस्तिका पुन्हा छापायची असं मी म्हटलं, तर बाबांनी मनाई केली. नातीचं केशरी स्केचपेन घेऊन बसले आणि पन्नासही प्रतींवर हाताने ज्योती काढल्या. दोन दिवस लागले. एकीसारखी दुसरी नाही. आत्याला पाठवलेल्या प्रतीतली जरा जास्तच मोठी झाली आहे.

असो.