बादलीभर पाणी

माझे मामू रमजानच्या रात्री मोहल्ल्याच्या नाक्यावर कबाबची गाडी लावायचे. गाडीखाली एकच बादली. संध्याकाळी भरलेल्या त्या पाण्यात रात्रभर बशा विसळल्या जायच्या. एकदा एक गिऱ्हाईक खेकसले, "घाणेरडे लोक!" मामू गप्प राहिले. नळ दोन गल्ल्या पलीकडे होता. पेटती शेगडी सोडून जाणार कोण?

या बादलीला मोठा इतिहास आहे. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. काठावरचे लोक त्याच तळ्यात कपडे धूत आणि तेच पाणी पीत. मुंबईत तर त्याआधीच, १८६० साली, विहार तलावाचे पाणी नळाने आले होते. पण नळ इमारतींत गेला. रस्त्यावर अन्न विकणारा बादलीपाशीच राहिला.

स्वातंत्र्यानंतर कायदे आले. १९५४ चा भेसळीविरुद्धचा. २००६ चा अन्नसुरक्षेचा. त्यात लहान विक्रेत्यालाही नोंदणी आली. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्याच्या रोजीरोटीला संरक्षण दिले आणि विक्रीक्षेत्रातल्या नागरी सुविधांसाठी त्याने शुल्क द्यावे, असेही सांगितले. म्हणजे स्वच्छता ही एकट्या विक्रेत्याची जबाबदारी नाही, हे कायद्यालाही ठाऊक आहे.

मामू आता नाहीत. गाडीवर खाताना मी आधी बादलीकडे बघतो. पाणी गढूळ दिसले तर खात नाही. पण त्या माणसाला नावे ठेवण्याआधी, जवळचा नळ कुठे आहे, तेही बघतो.