झाकणाची फट : विद्युतचुंबकीय स्पंद आणि घरगुती कवचाचा इतिहास

विजेच्या आघातापासून एखादी वस्तू वाचवायची तर ती सर्व बाजूंनी धातूने वेढावी, हे ज्ञान ज्या संकटाच्या संदर्भात आज वारंवार सांगितले जाते, त्या संकटाहून ते शंभराहून अधिक वर्षांनी जुने आहे. अण्वस्त्राच्या स्फोटातून निघणारा विद्युतचुंबकीय स्पंद, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांत शिखर गाठून जवळजवळ तितक्याच तातडीने विरून जाणारी प्रखर रेडिओ लहर, १९४५ पूर्वी कोणाच्या चिंतेचा विषय असण्याचे कारणच नव्हते. अमेरिकेतील काही घरांच्या तळघरांत जस्ताचा मुलामा दिलेले कचऱ्याचे डबे कचऱ्याऐवजी पुठ्ठ्यात गुंडाळलेला रेडिओ, विजेरी आणि सुटे भाग सांभाळण्यासाठी ठेवलेले असतात. त्या डब्यांची वंशावळ मात्र लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील एका लाकडी सांगाड्यापर्यंत मागे नेता येते.

त्याही आधी, १७५५ मध्ये, बेंजामिन फ्रँकलिनने चांदीच्या भांड्याला विद्युतभार देऊन त्यात दोऱ्याला टांगलेला बुचाचा गोळा सोडला होता. बाहेरून जवळ नेल्यास भांड्याकडे ओढला जाणारा हा गोळा आतल्या भिंतीकडे मुळीच झुकत नाही, असे त्याला दिसले; कारण आपल्याला ठाऊक नाही, हेही त्याने प्रांजळपणे नोंदवले. लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला मायकेल फॅराडे याने १८३६ च्या जानेवारीत हाच प्रयोग माणूस मावेल एवढ्या आकारात केला. त्याने १२ फूट लांब, रुंद आणि उंच असा लाकडी सांगाडा उभारला, त्यावर तांब्याच्या तारा ताणल्या, कागद चढवला, कागदावर कथलाच्या वर्खाच्या पट्ट्या लावून त्या तारांशी जोडल्या आणि ही खोली जमिनीपासून विद्युतरोधक आधारांनी अलग केली. बाहेरून यंत्राने इतका विद्युतभार चढवला गेला की खोलीच्या पृष्ठभागावरून ठिणग्या उडू लागल्या. आत पेटत्या मेणबत्त्या आणि विद्युतमापके घेऊन बसलेल्या फॅराडेला त्याचा मागमूसही लागला नाही. धातूतील इलेक्ट्रॉन मोकळेपणी सरकू शकतात आणि बाहेरच्या क्षेत्राला उत्तर म्हणून ते पृष्ठभागावर अशा रीतीने मांडले जातात की आतले क्षेत्र नाहीसे होते, हे स्पष्टीकरण पुढच्या काळातले आहे. इलेक्ट्रॉनचा शोधही तेव्हा लागलेला नव्हता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्याला आज ‘फॅराडे पिंजरा’ म्हणतात तो मुळात लाकूड, कागद आणि वर्ख यांचा, हाताने ठोकून चिकटवून केलेला घरगुती वळणाचाच उद्योग होता.

या खोलीचा व्यावहारिक अर्थ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७६ मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडला. इमारतीच्या माथ्यावर टोकदार दांडा उभारून वीज जमिनीत उतरवण्याची रूढ पद्धत ढगाला मोकळे करण्याच्या कामी येते, इमारतीला त्याचा लाभ तेवढा होत नाही, असा त्याचा काहीसा खोचक युक्तिवाद होता. त्याऐवजी दारूगोळ्याच्या कारखान्यासारखी वास्तू धातूच्या पत्र्याने किंवा तांब्याच्या तारांच्या जाळीने वेढली, तर जमिनीशी जोड नसली तरी आत काही घडणार नाही, असे त्याने दाखवले. मात्र त्यात एक अट होती. तारायंत्राची तार किंवा धातूची नळी बाहेरून आत येत असेल, तर ती कवचाला जोडून घेतली पाहिजे. अन्यथा भिंत कितीही भक्कम असली तरी संकट तारेवरून चालत आत येते. पुढील दीडशे वर्षांचा या विषयाचा इतिहास या अटीभोवतीच फिरतो. भिंतीचा प्रश्न फॅराडेने एका महिन्यात सोडवला होता. दार, झाकण आणि तार यांचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

तारेवरून येणाऱ्या संकटाचा पहिला मोठा अनुभव मॅक्सवेलच्या व्याख्यानाआधीच आला होता, आणि त्याची एक महत्त्वाची नोंद मुंबईत झाली आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावर प्रखर झोत पाहिला आणि त्यानंतर एका दिवसाच्या आत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून निघाले. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि या चुंबकीय वादळामुळे तारेत उत्पन्न झालेल्या प्रवाहावरच सुमारे दोन तास संदेश चालवले. त्याच सुमारास कुलाबा वेधशाळेतील निरीक्षकांनी चुंबकमापकावर डोळ्यांनी वाचून टिपलेल्या आकड्यांत क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याचे दिसते. या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधताना एकविसाव्या शतकातील अभ्यासकांना या नोंदींचा मोठा आधार झाला. याच वेधशाळेला पुढे विजेपासून उलट्या दिशेने बचाव करावा लागला. मुंबईत विजेवरच्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवण्यात आली आणि तेथील इमारती चुंबकत्वाचा उपसर्ग होणार नाही अशा साहित्याने बांधण्यात आल्या. धातूने वेढून घेण्याऐवजी धातू टाळणे आणि दूर जाणे हाही संरक्षणाचाच एक प्रकार होय, जरी घरगुती कवचाच्या चर्चेत तो सहसा आठवला जात नाही.

सौर वादळ आणि अण्वस्त्राचा स्पंद एकच समजण्याची चूक मात्र वारंवार होते. सौर वादळ मिनिटामिनिटांनी बदलते आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या तारांमध्येच उपद्रवी ठरते. कपाटातल्या सुट्या रेडिओला त्याची बाधा होत नाही. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्युबेक प्रांताची वीज दीड मिनिटाच्या आत कोसळली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले, तेव्हाही घरांतली यंत्रे शाबूतच होती.

अण्वस्त्राच्या स्पंदाची चाहूल पहिल्या स्फोटातच लागली होती. १६ जुलै १९४५ च्या ट्रिनिटी चाचणीआधी एन्रिको फर्मीने अशा स्पंदाची शक्यता वर्तवल्यामुळे मोजमापाच्या तारांना कवच घातले होते, कित्येक ठिकाणी दुहेरी; तरीही उपऱ्या विद्युतसंकेतांमुळे अनेक नोंदी वाया गेल्या. खरा विस्तार कळला तो ९ जुलै १९६२ रोजी. पॅसिफिक महासागरातील जॉन्स्टन बेटावरून थॉर अग्निबाणाने वर नेलेला १.४ मेगाटन शक्तीचा बाँब सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फुटला. ‘स्टारफिश प्राइम’ या नावाच्या या चाचणीच्या स्थळापासून सुमारे १,४०० किलोमीटरवरील हवाई बेटांवर तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. होनोलुलूतील रस्त्यांवरचे सुमारे ३०० दिवे विझले, चोरीच्या सूचना देणाऱ्या घंटा वाजू लागल्या आणि एका दूरध्वनी दुव्यात बिघाड झाला. दिवे विझण्यामागचे कारण साधे होते. ते माळेसारखे एकामागोमाग एक जोडलेले होते. लांबलचक तारांनी लहर झेलली आणि माळेचा फ्यूज उडताच त्यावरचे सगळे दिवे एकदम गेले. अपेक्षेपेक्षा कितीतरी तीव्र असलेल्या या स्पंदाचे स्पष्टीकरण कॉनराड लाँगमायर या भौतिकशास्त्रज्ञाने दिले. स्फोटातील गॅमा किरण वातावरणाच्या वरच्या थरांतील रेणूंवर आदळून इलेक्ट्रॉन उडवतात, हे वेगवान इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात एकाच वेळी, एकाच दिशेने वळतात, आणि सगळे आकाशच एखाद्या प्रचंड अँटेनासारखे क्षणभर लहर प्रक्षेपित करते.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला, क्युबाच्या क्षेपणास्त्र संकटाचा ताण वाढत असताना, सोव्हिएत संघाने कझाकस्तानवर सुमारे २९० किलोमीटर उंचीवर स्फोट केला. खाली ५७० किलोमीटर लांबीची टेलिफोनची तार मुद्दाम मोजमापांसाठी सज्ज ठेवली होती. ती टप्प्याटप्प्याने विभागलेली होती आणि प्रत्येक टप्प्यावर फ्यूज व जादा विद्युतदाब वाहून नेणाऱ्या वायुभरित नळ्या बसवलेल्या होत्या. यांपैकी सगळे फ्यूज उडाले. जमिनीखाली पुरलेल्या वीजवाहिनीतून आलेल्या प्रवाहाने कारागांडा येथील वीजकेंद्राला आग लागल्याचेही पुढे उघड झाले, पण हे तपशील बाहेरच्या जगाला कळायला सोव्हिएत संघाचा अंत व्हावा लागला. १९६३ च्या मॉस्को करारानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या वातावरणातल्या आणि अवकाशातल्या अशा चाचण्या थांबल्या. पुढचे सारे संरक्षणशास्त्र त्यामुळे या मोजक्या अनुभवांवर, गणितावर आणि कृत्रिम स्पंदांवर उभे राहिले.

कृत्रिम स्पंदासाठी अमेरिकेने न्यू मेक्सिकोतील कर्टलंड तळावर जो माचा उभारला, तो या इतिहासातील बहुधा सर्वांत विलक्षण वास्तू असावा. बी-५२ सारखे अवजड बाँबर विमान हवेत उडत असल्याप्रमाणे जमिनीपासून उंच धरून त्यावर स्पंद सोडायचा, तर आधाराला धातू चालत नाही, कारण धातू लहरीचा आकारच बिघडवतो. म्हणून सुमारे बारा मजली उंचीचा हा माचा चिकटवलेल्या लाकडी तुळयांचा बांधला गेला आणि त्याचे बोल्टसुद्धा लाकडाचे व काचतंतूंचे होते. लष्करी दळणवळण केंद्रांच्या बाबतीत उलट सगळे काही धातूचे झाले. त्यांच्या कवचासाठी अमेरिकी मानकाने ८० डेसिबलची कसोटी ठरवली, म्हणजे बाहेरचे क्षेत्र आत दहा हजारांश व्हावे. प्रमाण स्पंदाचे क्षेत्र मीटरला ५०,००० व्होल्ट धरले जाते, ते आत ५ व्होल्टवर येते. अशा खोलीच्या पोलादी भिंतीपेक्षा तिचे दार महाग असते. दाराच्या कडेने बेरिलियम-तांब्याच्या शेकडो लवचिक पट्ट्या फणीच्या दातांसारख्या बसवतात, दार लागले की त्या चौकटीवर घासून सलग धातू-संपर्क साधतात, आणि एखादी पट्टी वाकली किंवा तिच्यावर रंगाचा थेंब पडला तरी त्या जागी गळती होते. हवा यावी म्हणून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी धातूची जाळी लावतात, कारण अरुंद, खोल छिद्रातून लांब लहर शिरू शकत नाही.

हे ज्ञान घरात शिरले ते भीतीच्या वाटेने. १९७९ मध्ये ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतून क्रेसन कर्नी याचे अणुयुद्धातून तगून राहण्याच्या कौशल्यांवरील पुस्तक निघाले; त्याने रिकामा पत्र्याचा डबा, अॅल्युमिनियम फॉइलची दोन पाने, दोरे आणि जिप्सम यांपासून विकिरण मोजण्याचे साधन कसे करावे हे शिकवले होते, आणि ते साधन म्हणजे फॅराडेने आपल्या खोलीत नेलेल्या विद्युतमापकाचे जवळचे नातलगच होते. १९८१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील लेखमालेने स्पंदाची चर्चा सुशिक्षित वाचकांपर्यंत नेली, १९८३ च्या ‘द डे आफ्टर’ या दूरचित्रवाणीपटात भर रस्त्यात बंद पडलेल्या मोटारी कोट्यवधी लोकांनी पाहिल्या, आणि २००९ मध्ये विल्यम फोर्स्टचेन याच्या ‘वन सेकंड आफ्टर’ या कादंबरीने आपत्तीसाठी साठा करून ठेवणाऱ्यांच्या वर्तुळात या विषयाला जवळजवळ धर्मग्रंथाचे वजन आणून दिले. मोटारींचे ते दृश्य मात्र फारसे खरे नव्हते. अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने प्रत्यक्ष मोटारी स्पंदाखाली ठेवून पाहिल्या, तेव्हा बंद उभ्या असलेल्या मोटारींना काही झाले नाही, चालू असलेल्यांपैकी काही तीव्र क्षेत्रात थांबल्या आणि पुन्हा सुरू करता आल्या.

घरगुती कवचाच्या कारागिरीत जस्ती डब्याला मान मिळाला, कारण तो स्वस्त, सलग आणि घट्ट झाकणाचा असतो. आपल्याकडच्या धान्याच्या कोठीची आठवण व्हावी असाच त्याचा आकार. आतून पुठ्ठा लावतात, जेणेकरून उपकरणाचा धातूशी स्पर्श होऊ नये. झाकणाची कड मात्र सगळ्या युक्तीची कसोटी पाहते. फटीची रुंदी नगण्य असली तरी तिची लांबी महत्त्वाची असते. अर्ध्या मीटर व्यासाच्या डब्याच्या झाकणाभोवतीची फट दीड मीटरहून थोडी अधिक भरते, आणि १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबीही तेवढीच असल्यामुळे ती फट अँटेनाचे काम करू शकते. म्हणून कडेला वाहक चिकटपट्टी फिरवतात. साध्या कापडी पट्टीचा उपयोग होत नाही, आणि धातूच्या पट्टीचाही गोंद वाहक नसेल तर तो कमीच होतो. लष्करी काडतुसांची पेटी दिसायला अधिक भक्कम, पण तिच्या झाकणाखाली रबराची गादी असते आणि कडेला रंग असतो; ते दोन्ही काढून धातूला धातू लावल्याशिवाय ती पेटी केवळ पाण्यापासून वाचवते. मायक्रोवेव्ह भट्टीचा सल्ला तर सर्रास दिला जातो, मात्र तिच्या दाराची रचना २,४५० मेगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेच्या आसपास लहर अडवण्यासाठी केलेली असते, आणि मागे लोंबणारी वायर मॅक्सवेलची अट उघडपणे मोडते. स्वयंपाकघरातली फॉइल त्या मानाने कमी लेखली जाते. धातूचा पृष्ठभाग लहर मुख्यतः परतवून लावतो, त्यामुळे पातळ फॉइलचे दोन-तीन थर, मध्ये कागद घालून आणि कडा घट्ट दुमडून गुंडाळले, तर छोट्या उपकरणाला ते बरेच संरक्षण देतात. फक्त हाताळताना फॉइल फाटते. डबा जमिनीशी जोडावा की नाही यावर तावातावाने वाद चालतात, पण मॅक्सवेलने १८७६ मध्येच जोडण्याची गरज नाही असे दाखवले होते, आणि डब्याला जोडलेली लांब तार उलट लहर झेलणारी अँटेना होऊ शकते.

डबा तयार झाला की आत एफएम रेडिओ ठेवून तो मुका होतो का हे पाहण्याची पद्धत आहे. ती कसोटी निरुपयोगी नाही, पण तिचा अर्थ मर्यादित आहे. त्या एका पट्ट्यातले स्थानक ऐकू येईनासे झाले एवढेच तिच्यावरून कळते, आणि क्षेत्र शंभरपटीने घटले की दहा हजारपटीने, हे रेडिओच्या शांततेवरून ओळखता येत नाही. अमुक घरातला डबा स्पंदात टिकला असा पुरावा कोणाकडेही असू शकत नाही, कारण १९६२ नंतर तसा स्पंद आलेलाच नाही. डब्यातल्या उपकरणांचा रोजचा शत्रू त्यामुळे वेगळाच असतो. आतच ठेवलेले सेल काही वर्षांत गळतात आणि रेडिओचे संपर्कबिंदू खाऊन टाकतात, म्हणून सेल वेगळे ठेवायचे, अधूनमधून झाकण उघडून सगळे तपासायचे, आणि दर वेळी जुनी चिकटपट्टी खरवडून, कड पुसून, नवी पट्टी पहिल्यापासून फिरवायची.